अंदमानात खायचं कुठं? रिसॉर्टात तर अजिबात नाही

आधीच सांगतो, आम्ही जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरकडचे, केळीतले लोक. समुद्राशी आपला संबंध म्हणजे आठवडे बाजारातली सुकट आणि बोंबील, फार तर तापीचा मासा. त्यामुळे मी काही मोठा सीफूडवाला वगैरे नाही, पण गेल्या डिसेंबरात 7 दिवस अंदमानात घरच्या पैशानं खाऊन आलोय आणि जायच्या आधी मला जे कोणी सांगितलं नाही ते लिहून टाकतो, म्हणजे आपल्याकडचं कोणी जाणार असेल तर माझ्यासारखे पैसे घालवणार नाही.

माणसं किती आणि कशी हे सांगणं गरजेचं आहे कारण सगळा घोळ तिथूनच. मी, बायको, 9 वर्षांची पोरगी, माझी माय (माळकरी, अंडंसुद्धा चालत नाही, एकादशी कडक) आणि आमचे साडू आणि साळीबाई. साडू म्हणजे असा माणूस की ट्रेनमध्ये बसल्यापासून मोबाईलवर लॉब्स्टरचे फोटो बघत होता. भुसावळहून गीतांजलीनं हावडा आणि कोलकात्याहून विमान, असा आमचा रूट. मायनं सोबत काय घेतलं तर दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी, मेथीचे लाडू, भाजलेले बिबडे, केळीचे वेफर दोन किलो. विमानात 15 किलोचं लिमिट, त्यातलं निम्मं मायचं खाणं. ती म्हणे, "तिकडे सगळे मासेच खाता, मले उपाशी मारशीन तू." मी पण मनातून घाबरलेलोच होतो, खोटं का बोला.

तर पहिले दोन दिवस स्वराज द्वीपला, म्हणजे जुनं हॅवलॉक (2018 ला नाव बदललं, पण जेटीवरचे रिक्षावाले अजून हॅवलॉकच म्हणतात), तिथं एका बऱ्यापैकी महागड्या रिसॉर्टात बुकिंग होतं, नाव नाही घेत. पॅकेजमध्ये ब्रेकफास्ट आणि डिनर दोन्ही. एजंट म्हणे भाऊ टेन्शनच नको, व्हेज-नॉनव्हेज सगळा बुफे आहे. बुफे होता, शंभर टक्के होता. पनीर मखनी, मिक्स व्हेज, दाल तडका, जिरा राईस, गुलाबजाम. समोर एवढा निळा समुद्र, डोक्यावर नारळाची झाडं आणि ताटात काय तर लग्नाच्या केटरिंगवाल्याचं पनीर! तेच पनीर दुसऱ्या दिवशी "शाही पनीर" नावानं आलं, मी तुकडे ओळखले. माशाच्या नावानं एक फिश फिंगर ठेवलेलं, फ्रीजमधल्या पाकिटातलं. साडूचा चेहरा बघण्यासारखा होता. मायनं दोन घास खाल्ले आणि रूमवर जाऊन दशमी-चटणी काढली, आणि खरं सांगू का, आम्ही पण तिच्याच डब्यात हात घातला.

दुसरी गोष्ट टाईमची, ही फार महत्त्वाची. घड्याळ तिथं आपलंच चालतं, पण सूर्य आपला नाही चालत. अंदमान आपल्यापासून इतकं पूर्वेला आहे की तिथला सूर्य जळगावच्या सूर्याच्या तासाभराहून जास्त पुढे. डिसेंबरात संध्याकाळी 5 ला अंधार पडायला लागतो. म्हणजे 7 वाजता पोटाला वाटतं 9 वाजले. आणि आपण खान्देशी माणूस बीचवरून येणार, अंघोळ करणार, गप्पा मारणार आणि साडेनऊला जेवायला बाहेर निघणार, तर बाजारातली बरीचशी हॉटेलं शटर ओढायच्या तयारीत असतात. आमचं पहिल्या रात्री तेच झालं. साडेसात-आठला जेवून घ्यायचं. सकाळी मात्र सहाच्या आधीच उजेड आणि सहाला बाजारात चहा, गरम पुरी-भाजी चालू.

आता मेन गोष्टीवर येतो. तिसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच पायी निघालो आणि गोविंदनगरच्या बाजारात गेलो, त्याला लोक "तीन नंबर" म्हणतात. तिथं सगळे बीच आणि गावं नंबरानं ओळखतात, विजयनगर पाच नंबर, राधानगर सात नंबर. बाजार म्हणजे आपल्या तालुक्याच्या गावातली एक गल्ली समजा, भाजीवाले, मच्छीवाले, मोबाईल रिचार्ज, आणि मधे मधे पत्र्याची छोटी भाताची हॉटेलं. बोर्डावर बंगाली अक्षरं. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना सरकारनं 1949 पासून अंदमानात आणून जमिनी दिल्या, हॅवलॉक आणि नील बेटावरची बरीचशी वस्ती त्यांचीच आहे. म्हणजे बेटाचं घरचं जेवण शोधायचं तर ते बंगाली जेवण. ही साधी गोष्ट रिसॉर्टातलं कोणी सांगत नाही, कारण सांगितलं तर त्यांचं पनीर कोण खाईल!

मग परत जाऊन सगळ्यांना घेऊन आलो आणि बसलो एका अशाच हॉटेलात, चार टेबलं, प्लास्टिकच्या खुर्च्या, एक मावशी चालवतात (सगळे त्यांना माशीच म्हणतात, आपल्या कानाला जरा विचित्र वाटतं पण म्हणजे मावशीच). मी हिंदीत सांगितलं की माझी आई व्हेज आहे, त्या म्हणाल्या हां हां व्हेज मिलेगा, डाल है. आता इथं नीट ऐका माळकरी लोकांनो. बंगाली हॉटेलातली डाळ ही डाळच असेल असं धरू नका, काही ठिकाणी त्यात माशाचं डोकं घालून शिजवतात आणि ती त्यांची लाडकी डिश आहे. पालेभाजीत पण तेच, पुईची म्हणजे आपल्या मायाळूची भाजी माशाच्या डोक्यासोबत करतात. "व्हेज" या शब्दावर गाडी अडकली की मग मायनंच पुढे होऊन गळ्यातली माळ दाखवली आणि बोलली, "निरामिष, निरामिष." तिनं हा शब्द कीर्तनात ऐकलेला. माशीचा चेहरा एकदम बदलला. "ओऽ निरामिष!" बंगालीत हाच शब्द आहे आणि त्याचा अर्थ नुसतं मटण-मासा नाही एवढाच नाही, कांदा-लसूण पण नाही. त्यांच्याकडं विधवा बायकांना पूर्वी असंच जेवण असायचं, त्यामुळं बिनकांद्याच्या, बिनलसणाच्या भाज्यांचं एक पूर्ण शास्त्रच त्यांच्याकडं आहे. माशीनं वेगळी कढई काढली, मायच्या समोर घासून धुतली. इथंच मी त्या हॉटेलला पाचपैकी पाच देऊन टाकले, अजून जेवलो पण नव्हतो.

मग ताट आलं. उकड्या तांदळाचा भात डोंगराएवढा, नारळाचे तुकडे घातलेली हरभऱ्याची डाळ जराशी गोड, वांग्याचे जाड काप हळद-मीठ लावून तळलेले, आणि एक तपकिरी कोरडी भाजी. मायनं ती भाजी खाल्ली, थांबली, परत खाल्ली. "हे काय आहे?" माशी म्हणे मोचा. आम्हाला वाटलं कॉफी! मग त्यांनी आतून आणून दाखवलं तर केळीचं कमळ, म्हणजे केळफूल. अहो आपलं कमळ! घड निसवला की आपण जे मोडून बांधावर फेकतो ते. आमच्या घरची केळी तीन पिढ्यांची, लाखो कमळं मोडली असतील आम्ही, एक कधी चुलीवर चढलं नाही (कोकणात करतात म्हणे, आपल्याकडं मी तरी नाही पाहिलं). माय तिथंच खुर्चीत मागे रेलून म्हणाली, "आपण गुरापुढं टाकतो अन् हे लोक पाव्हण्याले वाढता!" मग खोडाच्या आतला पांढरा गाभा, त्याला ते थोड म्हणतात, त्याची पण भाजी होते हे कळल्यावर तर तिची बोलतीच बंद. पूर्ण ट्रीपमध्ये समुद्र बघून ती इतकी चकित झाली नाही जितकी त्या कमळाच्या भाजीनं झाली. एक सूचना, मोचाच्या भाजीत बऱ्याच ठिकाणी बारीक कोळंबी टाकतात, म्हणून तिथं पण निरामिष म्हणूनच मागायची.

व्हेज ताट 200 च्या आतबाहेर आणि माशाचं 250 ला पडलं आम्हाला, भात आणि डाळ परत परत वाढतात. रिसॉर्टात तेवढ्यात एक सँडविच येतं. माशाच्या ताटात सुरमईचा किंवा ट्यूनाचा जाड तुकडा, मोहरीच्या तेलातला पातळ रस्सा, त्यात बटाटा. आता इथं मी प्रामाणिकपणे सांगतो, आपल्या खान्देशी जिभेला पहिल्या घासाला ते अळणी वाटतं. काळा मसाला नाही, खोबरं-कांदा भाजलेला नाही, तर्री नाही. साडू म्हणे हे तर आजारी माणसाचं कालवण आहे. मी खिशातून लसणाची चटणी काढली, भाताच्या कडेला ठेवली आणि मग जमलं. पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चटणीची गरज वाटेना, कारण मासाच इतका ताजा की त्याला मसाल्यानं झाकायचं कारण नाही. आपल्याकडं मासा येईपर्यंत बर्फात किती दिवस काढतो देव जाणे, म्हणून आपण मसाला मारतो, असं माझं आपलं मत. पोळी-भाकरी मात्र दुपारी विसरा. दुपारी फक्त भात, रोटी मिळाली तर संध्याकाळी. ज्याला भाकरीशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही त्यानं दशम्या न्याव्यातच, मायचं बरोबर होतं.

त्याच माशींना आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर त्यांनी वांग्याचं भरीत पण केलं. बेगुन पोडा म्हणतात. भाजलेलं वांगं, वर कच्चा कांदा, मिरची, मीठ आणि मोहरीचं कच्चं तेल. (हे कांदा घातलेलं म्हणजे त्यांच्या हिशोबानं निरामिष नाही, पण मायला एकादशी-चातुर्मास सोडून कांदा चालतो.) आता भरताच्या बाबतीत जळगावच्या माणसाला काही शिकवायला जाऊ नये, आपल्या भरताच्या वांग्याला जीआय आहे. त्यामुळं आम्ही सगळे परीक्षकासारखे बसलो. निकाल असा की वांगं छोटं आणि बियाळ, गॅसवर भाजलेलं त्यामुळं तुराट्यांच्या जाळाचा वास नाही, शेंगदाणे नाहीत, पात नाही, पण ते कच्च्या तेलाचा ठसका नाकात गेल्यावर जे होतं ते भारी आहे. आपल्या भरताला 10, त्याला 7. पोरीनं मात्र 2 दिले.

आता साडूच्या लॉब्स्टरची कहाणी. बीचकडच्या रोडवर संध्याकाळी लाईट लावून बर्फावर मासे मांडलेली हॉटेलं असतात, तुम्ही बोट दाखवायचं आणि ते तंदूर किंवा ग्रिल करून देतात. मेनूवर भावाच्या जागी "ए.पी.एस." लिहिलेलं, म्हणजे साईजप्रमाणे भाव. साडूनं ऐटीत एक मोठा लॉब्स्टर दाखवला, भाव विचारला नाही, कारण साळीबाईंसमोर भाव विचारणं कमीपणा. वजन आत नेऊन केलं. बिल आलं, लॉब्स्टरचे एकट्याचे 3400 रुपये, आणि आतून निघालं काय तर मूठभर मांस, वर चीजचा थर, चव चीजची. साडू गप्प, साळीबाई गप्प, मी पण गप्प (मनात हसत होतो). तेव्हा शिकलो ते हे की किलोचा भाव आधी विचारायचा, वजन डोळ्यासमोर करायचं, आणि कसं बनवणार ते ठरवून घ्यायचं. चीज, व्हाईट सॉस म्हटलं की नाही म्हणायचं. दुसऱ्या दिवशी दुसरीकडं हेच सगळं विचारून एक रेड स्नॅपर घेतला, नुसतं मीठ, लिंबू, मिरी, केळीच्या पानात गुंडाळून निखाऱ्यावर, आम्ही तिघांनी खाल्ला आणि 900 मधे काम झालं. केळीचं पान बघून माय लांबूनच म्हणाली, "पान तरी आपलं आहे." साडू पहिल्यांदा नीट बोलला त्या रात्री.

बर्फावर हिरवा-निळा चमकदार पोपटमासा पण दिसेल, तो घेऊ नका. डायव्हिंगच्या पोरानं सांगितलं की तो प्रवाळावरचं शेवाळ खरवडून खातो, प्रवाळ जिवंत राहायला मदत होते, आणि तो प्रवाळ चावून जे बाहेर टाकतो त्याचीच पांढरी वाळू बनते. म्हणजे ज्या वाळूवर आपण फोटो काढायला गेलो ती बनवणाऱ्यालाच तळून खायचं, बरं नाही वाटत. चव पण काही फार ग्रेट नाही म्हणे.

राधानगर बीचला (तो टाईम मॅगझिननं 2004 मधे आशियातला सगळ्यात भारी बीच ठरवलेला, आणि आहेच तसा) गेटच्या बाहेर टपऱ्या आहेत, तिथं भात-मासा, मॅगी, शहाळं, भजी सगळं मिळतं. भजी ठीक. शहाळं छान आणि पाणी संपल्यावर फोडून मलई द्यायला सांगायचं, ते न सांगता देत नाहीत. हॅवलॉकला मेन रोडवर अंजू कोको नावाचं हॉटेल आहे, टुरिस्टांमध्ये फेमस, तिथं एक दिवस पोरीसाठी गेलो, तिला पास्ता पाहिजे होता. पास्ता चांगला, गर्दी भरपूर, वेटिंग. घरात एखादं चिडचिडं लेकरू असेल तर अशी एखादी जागा माहीत असावी.

नील म्हणजे शहीद द्वीप, तिथं एकच रात्र. छोटं बेट, गावांची नावं रामायणातली, भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर, रामनगर. माय तिथं एकदम खुश, म्हणे हे आपल्या गावासारखं आहे, आणि खरंच आहे, कारण नील बेट अंदमानाला भाजी पुरवतं. रस्त्याच्या कडेला वांगी, दुधी, मिरची, कोबीचे वाफे, केळी. केळी बघून मायनं लगेच परीक्षण केलं, घड लहान, फण्या विरळ, ठिबक नाही, पण साल पातळ आणि गोडी आपल्या जी-नाईन वाणाच्या केळीपेक्षा जास्त. हे ती घरी कोणासमोर कबूल करणार नाही. तिची एकादशी नेमकी नीलला आली. साबुदाणा कुठं मिळणार, पण जेटीजवळच्या बाजारात केळी, पपई, शहाळं आणि रताळी मिळाली, रताळी एका हॉटेलवाल्यानं आमची आमच्याच समोर उकडून दिली आणि पैसे घेतले नाहीत. नीलच्या जेटीजवळचं भात-भाजीचं जेवण हॅवलॉकपेक्षा स्वस्त आणि भाजी जास्त ताजी. व्हेज लोकांना मी म्हणेन नीलला एक रात्र वाढवा, हॅवलॉकची एक कमी करा.

पोर्ट ब्लेअर (आता श्री विजयपुरम्, 2024 पासून) मधे व्हेजवाल्यांची काळजीच नाही. तिथं तमिळ लोक भरपूर, त्यामुळं इडली-डोसा एक नंबर. अबर्डीन बाजारात अन्नपूर्णा कॅफेटेरिया आहे, शुद्ध शाकाहारी, साधं, जुनं, सकाळी गर्दी. आम्ही तिथं दोनदा गेलो, डोसा कुरकुरीत, सांबार जरा तिखटपणाकडं झुकणारं, आपल्याला चालणारं. मरीना पार्कजवळ न्यू लाईटहाऊस नावाचं सीफूडचं हॉटेल, उघड्यावर बसायचं, समुद्राची हवा, साडूनं तिथं खेकडा खाल्ला आणि लॉब्स्टरचं दुःख विसरला. भाव आधी विचारला यावेळी.

सेल्युलर जेल बघून आलो त्या दिवशी मात्र जेवणाचं काही सुचेना. तिथं कोलू म्हणजे तेलाचा घाणा ठेवलाय, कैद्यांना बैलासारखं जुंपून दिवसाला 30 पौंड खोबरेल काढायला लावायचे. 1933 च्या उपोषणात जबरदस्तीनं नळीनं दूध घालताना क्रांतिकारक महावीर सिंह गेले, ते वाचलं. बाहेर निघालो तर गेटासमोर शहाळ्यांची गाडी. पोरीनं विचारलं घेऊ का, मायनं मान हलवली, नको म्हणे आत्ता. दीड तासानं हॉटेलवर जाऊन गुपचूप डोसा खाल्ला सगळ्यांनी.

बाकी किरकोळ. यूपीआय बहुतेक ठिकाणी चालतं पण नेट कधी पण जातं, बेटांवर कॅश ठेवाच, बाजारातली छोटी हॉटेलं तर कॅशवरच खुश. फेरीत बसायच्या आधी पोटभर खाऊ नका, आमच्या साळीबाईंनी पुरी-भाजीच्या चार पुऱ्या खाल्ल्या आणि मग हॅवलॉकपर्यंत पिशवी तोंडाला. मायचे मेथीचे लाडू सगळे तसेच घरी परत आले. वेफर एका दिवसात संपले, अर्धे माशींच्या हॉटेलात वाटले, त्यांच्या नवऱ्यानं पाकीट उलटसुलट करून विचारलं की कच्च्या केळ्याचं इतकं पातळ कसं कापता.

आणि पॅकेज घेताना डिनर काढून टाका, फक्त ब्रेकफास्ट ठेवा. एजंट नाक मुरडेल, म्हणेल फरक जास्त नाही पडत सर. आमचा नंतर हिशोब केला तर माणशी दिवसाला 700 रुपये त्या पनीरपोटी गेलेले.

घरी आल्यावर पंधरा दिवसांनी मायनं मळ्यातून गड्याकरवी चार कमळं आणवली. गडी म्हणे, "काकू, गुरांले टाकू?" पहिल्या वेळेस माय हाताला तेल लावायचं विसरली, बोटं चिकानं काळी झाली, आणि भाजी कडूजहर झाली, कारण प्रत्येक फुलातली ती टणक काडी काढायची राहिली. मग बायकोनं माशींच्या पोरीला व्हॉट्सअॅपवर विचारलं. दुसऱ्या वेळेस रात्रभर हळद-मिठाच्या पाण्यात भिजवलं, बटाटा, ओलं खोबरं, जिरं, वरून तूप. मायनं त्यात गुपचूप काळा मसाला टाकलाच. मोहरीचं तेल भुसावळला मिळतं, पण तिनं शेंगदाण्याचंच वापरलं.